शेमटीचा पाला

रात्री पावणेबाराला
उपकेंद्राच्या भिंतीवर, ट्यूबलाइटच्या उजेडात,
लसीकरणाच्या तक्त्यावर ती येऊन बसली,
बीसीजी आणि गोवर यांच्या मधोमध.
कोवळ्या दुधीच्या सालीचा रंग.
वरच्या कडेला वांगी किनार.
पंखांवर चार डोळे, एकही न बघणारा.
मागे दोन लांब शेपट्या,
डावी अर्ध्यातून तुटलेली.

हेळवाकच्या वरच्या धनगरवाड्यावरून
ठकूबाई झोरे लेकीला घेऊन उतरली होती,
तीन तास, दोघींत एक बॅटरी.
कळा अजून लांब लांब येत होत्या.
ठकूबाईने वर पाहिलं.
"चांदपाकोळी हाय. हाकलू नगा."
मी म्हटलं, मी कशाला हाकलते,
तिला खायला काय घालू ते सांगा.
म्हातारी हसली,
"तिला तोंडच नसतंय."

खरंच नसतं.
मी टॉर्च धरून पाहिलं,
सोंड हवी तिथं नुसती लव.
अळी असताना जे खाल्लं
त्याच शिदोरीवर सात-आठ रात्री.
नर शोधायला ती जात नाही.
एका फांदीला धरून बसते, वास सोडते,
आणि फणीसारख्या मिशांचा कुणीतरी
अंधारात ओढा ओलांडून येतो.
वाटेत वटवाघळं.
त्यांची हाक पंखांवर आपटायच्या ऐवजी
गिरक्या घेणाऱ्या शेपटीवर आपटते,
ते झेपावतं, तोंडात येतो चिंधीचा तुकडा.
डावीचं असंच झालं असणार.

पहाटे साडेचारला मुलगी झाली,
दोन किलो सातशे. लगेच रडली.
वार पडेपर्यंत मी वर बघितलंच नाही.
सकाळी तक्त्यावर अंडी होती,
राजगिऱ्याहून मोठी, करड्या ठिपक्यांची, चिकटून.
एकसष्ट. दोनदा मोजली,
सवय आहे.

अकराव्या दिवशी फुटली.
आंबा दिला, उंबर दिला,
सुकून गेल्या, कापसाच्या बोळ्यावर पडून राहिल्या,
तीसच्या वर.
मग ठकूबाईचा नातू बिरू, सातवीतला,
शाळेला जाताना एक डहाळी टाकून गेला.
"शेमटीचा पाला, सिस्टर. आजीनं दिलाय."
आणि त्या खायला लागल्या.

आधी तांबड्या, काळा पट्टा असलेल्या,
कात टाकली की पोपटी,
अंगावर पिवळ्या गाठी, गाठींवर केस.
चौथ्या कातीनंतर माझ्या मधल्या बोटाएवढ्या.
रात्रपाळीत दुसरा आवाज नव्हता,
फ्रीज, आणि पानाच्या कडेची चरचर.
पाटणचे साहेब तपासणीला आले,
तक्ता कुठाय म्हणाले.
मी म्हटलं, वाळवी.

दिवाळीच्या आसपास सात जणींनी
पानं ओढून कोष केले,
चिवट, तपकिरी, कुणाला दाखवले तर
वाळलेली पानं का जपता विचारतील असे.
सलाइनच्या खोक्यात ठेवले.
बाहेर शेमटी उघडीबोडकी झाली.
एका कोषातून माश्या निघाल्या.
पाल्यावरून अंडी पोटात गेली असतील,
मीच खाऊ घातली.

ज्येष्ठात शेमटीला पुन्हा पालवी आली.
ठकूबाईची लेक पोरीला गोवरला घेऊन आली,
चार दात, आणि ते वापरायची घाई.
माझं बोट चावलं.
त्याच आठवड्यात पाच कोष फुटले.
एकाचं पाहिलं: आतून थुंकी लावून भिंत भिजवली,
ओलं, चुरगळलेलं काहीतरी बाहेर आलं,
पडद्याला लटकलं,
आणि घडी घातलेलं लुगडं झटकावं
तसे पण फार हळू, पाऊण तास लावून,
पंख उघडत गेले.
बाकीचे मी पाटणला ट्रेनिंगला होते तेव्हा गेले.
खिडकी उघडी होती.
खोक्यात चार टरफलं, तळाला ओला डाग.

सातवा अजून आहे.
जड आहे. कानाशी धरून हलवला
की आत ठक करतं.
बिरू आठवीत गेला. डहाळी आणतो.
मी सांगते, आता नको रे,
हिला पाला लागत नाही,
आणि बाहेर आली तर तोंड नसणार.
तो म्हणतो, असू द्या,
अंडी घालायला जागा पाहिजे.